गजाबाचा ओटीपी

हेळेवाडी नावाच्या गावात गजाबा नावाचा एक भोळा गवळी राहत होता. भोळा हा शब्द लोक त्याच्या तोंडावर वापरत. पाठीमागे दुसरा वापरत.

गजाबाच्या अंगी एक गुण होता. सांगितलेलं तो ऐकायचा. गावात दुसऱ्या कुणाच्या अंगी हा गुण नसल्यामुळं लोकांना तो आजार वाटायचा. एकदा त्याला ताप आला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, "ही पाण्यातून घ्या." गजाबा कपड्यांसकट विहिरीत उतरला, गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि त्यानं गोळी गिळली. ताप उतरला. सर्दी झाली. डॉक्टरांनी सर्दीची गोळी दिली आणि तीही पाण्यातूनच घ्यायला सांगितली.

त्याची बायको हौसाबाई मात्र शहाणी होती. इतकी शहाणी, की स्थळाची नीट चौकशी न केल्याचा दोष तिनं बापाला दिला, नवऱ्याला कधी दिला नाही.

हौसाबाईला पिठाची गिरणी घालायची होती. हेळेवाडीत गिरणी नव्हती. बायका डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जात, आणि तिथला गिरणीवाला पिठातलं थोडं पीठ गिरणीत राहतं असं सांगून स्वतःच्या डब्यात ठेवत असे. हौसाबाईनं माहेरच्या जमिनीतला आपला वाटा भावांना विकला. भावांनी पैसे द्यायचं कबूल केलं. आता ते ठेवायचे कुठं हा प्रश्न आला.

हौसाबाईचं स्वतःचं खातं निघत नव्हतं. आधार कार्डावर तिचं नाव हवसाबाई होतं आणि रेशन कार्डावर हौसाबाई. या दोन वेगळ्या बाया आहेत असं बँकेचं मत होतं. दोघींना एकदम घेऊन या, असंही एका कारकुनानं तिला सुचवलं. गजाबाचं नाव मात्र सगळ्या कागदांवर सारखं होतं. म्हणून सगळे पैसे गजाबाच्या खात्यावर ठेवले गेले. सुरक्षित राहावेत म्हणून.

पुढच्याच आठवड्यात बँकेनं मारुतीच्या देवळात मेळावा भरवला. फोनवरून फसवणारे ठग फार माजले होते, त्यांच्यापासून लोकांना सावध करायचं होतं. सरपंचांनी समई लावली. पाहुण्यांचा सत्कार झाला. ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार झाला. मग जो वेळ उरला त्यात लोकांना सावध करायचं ठरलं.

बँकेच्या मॅनेजर तारळेकर मॅडम उठल्या. त्या चांगल्या होत्या, फक्त शिकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं खातं म्हणजे तुमचं घर. तुमचा पिन म्हणजे त्या घराची किल्ली. ती किल्ली कुणाच्याही हातात देऊ नका. अगदी घरच्या माणसाच्याही नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत बसलेले सरपंच टाळ्या वाजवू शकले नाहीत, कारण लॉटरी लागल्याचा संदेश आला होता आणि ते त्यावर बोट दाबत होते. त्यांचे पैसे त्याच दुपारी गेले. पण ते सरपंच असल्यामुळं गावात त्याला फसवणूक म्हणत नाहीत, गुंतवणूक म्हणतात.

गजाबानं मात्र एकेक शब्द मनात धरला.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई वैरणीचा भारा घेऊन घरी आली. दाराला कुलूप. गजाबा उंबऱ्यावर बसलेला.

"किल्ली द्या," हौसाबाई म्हणाली.

"देत न्हाई."

"का?"

"मॅडमनी सांगितलंय. घरच्या माणसाच्या हातात तर अजिबात न्हाई."

"बरं, मग तुमीच उघडा."

"कशानं उघडू? किल्ली हिरीत टाकली. आता कुणाच्याच हातात जायची न्हाई."

हौसाबाईनं भारा खाली ठेवला. मग ती शिडी लावून छपरावर चढली, चार कौलं काढली आणि आत उतरली. शेजारणीनं विचारलं, काय झालं? हौसाबाई म्हणाली, "घर सुरक्षित झालंय."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला समोर बसवलं. "अवो, किल्ली म्हंजे किल्ली न्हवं. मॅडम आकड्याचं बोलत हुत्या. आपला आकडा कुणाला सांगायचा न्हाई."

"मग त्या किल्ली का म्हणाल्या?"

"शिकलेल्या हाईत."

"असं," गजाबा म्हणाला. "आकडा सांगायचा न्हाई."

मग गिरणी ठरवायला तालुक्याला जायचा दिवस आला. हौसाबाई स्वतःच जाणार होती, पण म्हैस व्यायला झाली होती. म्हणून तिनं गजाबाकडून सगळं पाठ करून घेतलं. केवढी गिरणी पाहिजे, कितीपर्यंत किंमत द्यायची, घरी आणून द्यायचं ठरवायचं. गजाबानं ते तीनदा बरोबर म्हणून दाखवलं. हौसाबाईला बरं वाटलं. तिथंच तिची चूक झाली.

गिरणीच्या दुकानात रमणशेठ गादीवर बसले होते.

"बोला पाव्हणं. कितीची गिरणी दाखवू?"

"सांगत न्हाई," गजाबा म्हणाला.

शेठ हसले. असली गिऱ्हाईकं त्यांना ठाऊक होती. त्यांनी एक गिरणी दाखवली आणि किंमत सांगितली.

गजाबा गप्प.

"जास्त वाटती? तुमी किती म्हणता?"

"मी म्हणत न्हाई."

शेठनी किंमत जरा उतरवली. गजाबा गिरणीकडं बघत राहिला. शेठनी आणखी उतरवली आणि चहा मागवला. गजाबानं चहा घेतला. शेठना घाम फुटला. एवढी वर्षं त्यांनी दुकान चालवलं, पण आकडा तोंडातून न काढता भाव पाडणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. त्यांनी आत जाऊन भावाला बोलावून आणलं. दोघांनी कानाशी लागून काहीतरी ठरवलं आणि बाहेर येऊन हौसाबाईच्या किमतीपेक्षाही खालची किंमत सांगितली.

"आता याच्या खाली उतरलो तर मलाच तुमच्या गिरणीत घालावं लागंल," शेठ म्हणाले. "पटतंय का बोला."

"पटतंय," गजाबा म्हणाला. त्यात आकडा नव्हता.

"झालं तर मग. गाव सांगा."

"हेळेवाडी."

"घर नंबर?"

"त्यो आकडा हाय."

"बरं, फोन नंबर तरी द्या. टेम्पोवाल्याला द्यायला."

"त्योबी आकडाच हाय. देत न्हाई."

"मग गिरणी कुठं टाकायची?"

गजाबानं विचार केला. हे त्याच्याकडून पाठ करून घेतलेलं नव्हतं. तेवढ्यात मागं जे गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं पुढं होऊन घर नंबर दिला, फोन नंबर दिला, बायकोचा दिला, कुणी न विचारता आधारचा दिला आणि त्याच पडलेल्या किमतीत गिरणी घेऊन गेलं.

गजाबा रिकाम्या हातानं घरी आला. म्हैस व्याली होती. हौसाबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग रेडकाला पुसत पुसत ती म्हणाली, "अवो, अनोळखी माणसाला आकडा सांगायचा नसतो. वळख असली, बोलणं-चालणं असलं, तर सांगायला काय झालं? माणूस वळखीचा हाय का न्हाई तेवढं बघायचं."

"आधी वळख," गजाबा म्हणाला. "मग आकडा."

हेही त्यानं मनात धरलं.

चार दिवसांनी दुपारी तो तळ्यावर म्हशी धूत होता. खिशातला फोन वाजला.

"नमस्कार. मी बँकेच्या मुख्य ऑफिसातून वर्मा बोलतोय. तुमचं एटीएम कार्ड आज बंद होणार आहे."

"मी वळखत न्हाई तुमाला."

"मी वर्मा. बँकेतून."

"ते नाव झालं. वळख कुठं झाली? गाव कुठलं?"

"मुंबई."

"मुंबई सगळ्यांचीच असती. मूळ कुठलं?"

पलीकडचा माणूस शोधाशोध करू लागला. त्या माणसाच्या पुढ्यात एक कागद होता. गिऱ्हाईक घाबरलं तर काय बोलायचं, चिडलं तर काय बोलायचं, पोलिसांचं नाव काढलं तर काय बोलायचं, ते सगळं त्यात लिहिलेलं होतं. मूळ गावाचं काही लिहिलेलं नव्हतं.

"वाघजाळी," तो म्हणाला.

"वाघजाळीत माझी मावसभण दिलीया. तिथं वर्मा कोण न्हाईत. डोंगळे हाईत, पोवार हाईत."

"डोंगळेच," तो माणूस म्हणाला. "सुहास डोंगळे."

"मग आदी तसं सांगायचं. वडील काय करतात?"

"नाहीत."

"अरारा. आणि आई?"

"आई आहे. गुडघे दुखतात तिचे. जिना उतरता येत नाही."

गजाबा म्हैस सोडून काठावर येऊन बसला. त्यानं निरगुडीचा पाला कसा गरम करायचा, कापडात कसा बांधायचा आणि गुडघ्याला कसा लावायचा ते सविस्तर सांगितलं. सुहासनं ते लिहून घेतलं. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. मग गजाबानं लग्नाचं विचारलं. सुहासनं सांगितलं की ठरलंय. पुढच्या सोमवारी साखरपुडा. मुलीकडच्यांना नोकरी बँकेत आहे असं सांगितलंय. हॉल कुठला, जेवणात काय, मुलीच्या मामाची काय कुरबूर, तेही सांगितलं. दिवसभर तो शेकडो लोकांना फोन करायचा. त्यांतले निम्मे शिव्या द्यायचे आणि निम्मे पैसे द्यायचे. तुझ्या आईचं काय चाललंय, हे कुणी विचारत नव्हतं.

"आता झाली वळख," गजाबा म्हणाला. "इचार तुला काय इचारायचं ते."

सुहासनं हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, राहू द्या."

"राहू द्या कसं? तुझं काम हाय ते. साहेब बोलत्याल तुला."

"खरंच राहू द्या. मी दुसऱ्याला लावतो फोन."

"दुसऱ्याची वळख काढायला पुन्हा येळ जाणार. मी वळखीचा हाय की. मला परकं समजतोस व्हय?"

गजाबाला वाईट वाटलं होतं आणि ते आवाजात कळत होतं. शेवटी सुहासनं कार्डावरचे आकडे विचारले. गजाबानं कार्ड खिशातून काढलं, ओलं झालं होतं ते धोतराला पुसलं, आणि पुढचे आकडे सांगितले, मागचे सांगितले. फोनवर संदेश आला. त्यातला ओटीपी सांगितला. एक आकडा चुकला, तर दुसरा ओटीपी मागवून तो नीट सांगितला.

"झालं का काम?"

"झालं," सुहास म्हणाला.

"आईला पाला लाव," गजाबा म्हणाला आणि म्हशी धुवायला गेला.

दोन दिवसांनी हौसाबाई त्याला घेऊन बँकेत गेली. तिनं रमणशेठना स्वतः फोन करून पुन्हा गिरणी ठरवली होती, पहिल्या किमतीत. पैसे काढायचे होते. कारकुनानं खातं बघितलं. मग हौसाबाईकडं बघितलं. मग उठून मॅडमना बोलावून आणलं.

खात्यात काही नव्हतं.

हौसाबाई बँकेच्या पायरीवर येऊन बसली. ती रडली नाही आणि काही बोललीही नाही. विहिरीत किल्ली टाकली तेव्हा ती बोलली होती, गिरणी हातची गेली तेव्हाही बोलली होती. आज ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती आणि हातातली रिकामी पिशवी घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. गजाबाला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. तो तिच्या बाजूला बसला.

"वळख करून घेतली हुती मी," तो हळूच म्हणाला.

हौसाबाईनं मान हलवली.

तारळेकर मॅडम बाहेर आल्या. त्यांनी स्वतः सायबर मदतीच्या नंबरला फोन लावून तक्रार नोंदवली आणि खात्याची पुढची चौकशी सुरू करायला लावली. मग त्यांनी गजाबाला समजावलं. या वेळी त्यांनी घर, किल्ली वगैरे काही आणलं नाही. "ओळखीचा असो नाहीतर अनोळखी. फोनवर कुणीही काहीही विचारलं तर एकच उत्तर द्यायचं. सांगणार नाही. आणि फोन ठेवून द्यायचा. कळलं?"

"कळलं," गजाबा म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायबर पोलिसांचा फोन आला.

"तुमची तक्रार आलीय. पैसे कुठल्या खात्यात गेले ते सापडलंय. तुमचं नाव सांगा."

"सांगणार न्हाई," गजाबा म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

पुन्हा फोन आला. "अहो, आम्ही तुमचे पैसे अडवून धरतोय. फक्त तुम्हीच बोलताय ना, हे सांगा."

"सांगणार न्हाई."

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा पोलिसाचा आवाज चढला होता. "तुमचे पैसे परत पाहिजेत की नकोत?"

"सांगणार न्हाई," गजाबा म्हणाला. पैसे पाहिजे होते. पण नियम नियम होता.

चौथा फोन हौसाबाईनं त्याच्या हातातून हिसकावून घेतला, म्हणून पैसे अडले. नाहीतर ते कायद्यानं सुटले असते.

तिनं त्या दिवशी तोंड उघडलं. "अवो, सगळेच फोन खोटे नसत्यात. शंका आली तर बँकेत जायाचं, मॅडमना इचारायचं, खात्री करायची. तेवढं करा."

त्या रात्री गजाबा निवांत झोपला. आता त्याच्याकडं पक्का उपाय होता.

सकाळी मेव्हण्याचा फोन आला. सासूबाई घसरून पडल्या होत्या, हौसाला पाठवून द्या म्हणाला. गजाबाला शंका आली. तो सायकल मारत बँकेत गेला, रांगेत उभा राहिला आणि नंबर आल्यावर मॅडमना म्हणाला, "सासूबाई पडल्या म्हणत्यात. खात्री करायची हाय."

मॅडमना आधी काही समजलं नाही. समजल्यावर त्यांनी डोकं धरलं. म्हणाल्या, "मी कशी खात्री करणार?"

"तुमीच म्हणाला हुता, फोनवर इश्वास ठेवायचा न्हाई. हौसा म्हणाली, बँकेत इचारा."

मॅडमनी स्वतःच्या फोनवरून मेव्हण्याला फोन लावला. सासूबाई खरंच पडल्या होत्या. हौसाबाईपर्यंत निरोप दुपारी पोचला आणि ती माहेरी पोचली तोवर सासूबाई उठून बसल्या होत्या आणि जावयाबद्दल बोलत होत्या.

त्यानंतर गजाबा रोज बँकेत येऊ लागला. पेंडवाल्याचा फोन आला, गजाबा बँकेत. मतदानाची तारीख सांगणारा आवाज आला, गजाबा बँकेत. शेवटी तारळेकर मॅडमनी हात जोडून त्याला सांगितलं, की बँकेत येऊ नका. बँकेनं असं तोंडानं कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ होती. एरवी लोकांना ते न सांगता कळायचं.

इकडं फौजदार गुरव तपास करत होते. ठग कोण, कुठला, याचा पत्ता नव्हता. फोन नंबर दुसऱ्याच्या नावावरचा होता, तो दुसरा मरून वर्ष झालं होतं. बँक खातं तिसऱ्याच्या नावावर होतं, त्या तिसऱ्याला आपलं खातं आहे हेच माहीत नव्हतं. तपास थांबला. मग कुणालातरी सुचलं की ज्याचे पैसे गेले त्यालाही एकदा विचारून बघावं.

फौजदार हेळेवाडीत आले. "गजाबा, त्या माणसाबद्दल काही आठवतंय का? आवाज कसा होता? घोगरा? बारीक?"

गजाबानं हौसाबाईकडं बघितलं. तिनं मान डोलावली. मग तो बोलला.

"सुहास डोंगळे. गाव वाघजाळी. वडील न्हाईत. आईचे गुडघे दुखत्यात, पाला बांधायला सांगितलाय. येत्या सोमवारी साखरपुडा हाय, तालुक्याच्या हॉलात. पोरीचा मामा जरा खवचट हाय. जेवणात जिलेबी ठेवायची का बासुंदी, त्याच्यावर अडलंय."

फौजदारांनी हवालदाराकडं बघितलं. हवालदारानं बाहेर जाऊन गाडी चालू केली.

सोमवारी साखरपुड्यात पोलीस शिरले तेव्हा जिलेबी वाढणं चाललं होतं. सुहासला पंगतीतून उठवलं. त्यानं गजाबाचे पैसे साखरपुड्यासाठी म्हणून दुसरीकडं हलवायला काढले होते, पण अडकून पडले होते. ते सगळेच्या सगळे मिळाले. चौकशी पुरी झाली, कागद झाले, आणि काही आठवड्यांनी पैसे गजाबाच्या खात्यावर परत आले. जुनं कार्ड बँकेनं रद्द केलं होतं, नवं दिलं. देताना कारकून म्हणाला, "हे नेहमी जवळ ठेवा." गजाबानं ते दोरीला बांधून गळ्यात घातलं.

पेपरात बातमी आली. 'पोलिसांच्या अथक तपासाला यश.' फौजदारांचा फोटो आला. गजाबाचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता, 'एका नागरिकाच्या तक्रारीवरून'.

मग आरोपीला ओळखण्यासाठी गजाबाला पोलीस ठाण्यात बोलावलं. हौसाबाईही बरोबर आली. तिथून तसंच रमणशेठच्या दुकानात जायचं होतं. टेम्पो ठाण्याच्या बाहेर उभा होता आणि ती भाड्यावरून टेम्पोवाल्याशी बोलत थांबली. आत जाताना तिनं गजाबाला काही सांगितलं नाही. पोलीस ठाण्यात आणखी काय होणार, असं तिला वाटलं.

आत फौजदार खुशीत होते. टीव्हीचा वार्ताहर आला होता आणि कॅमेरा लावत होता. फौजदारांनी गजाबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरायचं नाही, गजाबा. हे पोलीस ठाणं आहे. इथं फोनबिन काही नाही, सगळं समोरासमोर. इथं काही लपवायचं नाही. जो जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं. एवढं एकच लक्षात ठेवा."

"जो जे इच्यारंल त्याला खरं सांगायचं," गजाबा म्हणाला.

"शाबास."

बाकावर सुहास बसला होता. हात एका हवालदाराच्या हाताला बांधलेले. हवालदार पेंगत होता. सुहासच्या दुसऱ्या बाजूला त्याचा चुलतभाऊ बसला होता, जेवणाचा डबा घेऊन आलेला. जेवण उरकलं होतं. डब्याच्या पिशवीवर त्याचा फोन होता.

"हाच का?" फौजदारांनी विचारलं.

"आवाज ऐकल्याबिगर कसं सांगू?"

"काका," सुहास म्हणाला. "काकू बऱ्या आहेत?"

"ह्योच," गजाबा म्हणाला.

ओळख पटली. फौजदार कॅमेऱ्यासमोर गेले. वार्ताहरानं विचारलं, नागरिकांनी काय काळजी घ्यावी? फौजदार घसा खाकरून बोलायला लागले.

गजाबा खुर्ची घेऊन सुहाससमोर बसला. "आईचे गुडघे?"

"पाल्यानं फरक आहे. पण साखरपुडा मोडला. आता वकील लावायचाय." सुहासनं मान खाली घातली. मग वर बघितलं. "काका, तुमचे पैसे परत आले?"

गजाबानं लपवलं नाही. "आले. परवाच."

"नवीन कार्ड मिळालं?"

"ह्ये काय." त्यानं गळ्यातलं कार्ड दाखवलं.

"मागून बघू."

त्यानं मागून दाखवलं. चुलतभाऊ फोनवर काहीतरी दाबत होता. गजाबाचा फोन वाजला. संदेश आला होता.

"काय आलंय काका?" सुहासनं विचारलं.

गजाबानं एकदा आजूबाजूला बघितलं. समोर पोलीस, बाजूला पोलीस, भिंतीवर पोलीस. फोनवर कुणी विचारत नव्हतं, समोर बसून विचारत होतं. माणूस ओळखीचा होता, आणि ओळखीवर नुकताच सरकारी शिक्का बसला होता. शंकेला जागाच नव्हती. त्यानं फोन डोळ्यांजवळ धरला आणि खणखणीत आवाजात पहिला आकडा वाचला. मग दुसरा.

फौजदार कॅमेऱ्यासमोर सांगत होते, "ओटीपी कुणालाही, कधीही, कुठंही..." त्यांचं बोलणं तुटलं. ते मागं वळले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"गजाबा, मुलाखत चाललीय. एवढ्या मोठ्यानं कशाला? जे सांगायचं ते त्याच्या कानात सांगा."

"चुकलं साहेब," गजाबा म्हणाला.

त्यानं खुर्ची पुढं ओढली, वाकला, आणि सगळे आकडे पहिल्यापासून सुहासच्या कानात सांगितले. सावकाश, एकही न चुकता. सुहासचे ओठ हलले. चुलतभावानं फोनवर शेवटचं बोट दाबलं, फोन खिशात टाकला, रिकामा डबा पिशवीत भरला आणि "येतो काका" म्हणून उठला.

डब्यामुळं त्याचा हात अडला होता. गजाबानं उठून त्याला दार उघडून दिलं.